योग : आसनावरून व्यवहारात



योग म्हटले की प्रथम आसने आणि प्राणायाम डोळ्यांपुढे येतात. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागल्यावर हा समज अधिकच दृढ झाला. आसने शरीरास उपकारकच आहेत. परंतु शास्त्रकारांनी योगाचा आरंभ तेथून केलेला नाही. पतंजलींच्या अष्टांगयोगात आसन हे तिसरे अंग आहे. त्यापूर्वीच्या यमांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह येतात. जैन परंपरेतील पाच व्रतेही हीच होत. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी राजा कुमारपालासाठी रचलेल्या ‘योगशास्त्रा’त पहिले तीन प्रकाश प्रामुख्याने आचारधर्माचे असून आसनांचे वर्णन चौथ्या प्रकाशाच्या अखेरीस येते. सद्गृहस्थाच्या ३५ गुणांत त्यांनी अग्रस्थान दिले ते न्यायाने मिळविलेल्या धनाला.

हा क्रम सहेतुक आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त प्रत्येक व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अस्तेयाचे अतिचार पाहिले तर ते बाजारातलेच आहेत : चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडून व्यापार करणे, वजनमापात फसविणे आणि अस्सलाच्या जागी नकली माल देणे. अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे हे तर अहिंसेचे अतिचार मानले आहेत.

नाशिक जिल्हा कांदा आणि द्राक्षांसाठी देशभर ओळखला जातो. येथील बाजारात शेतकऱ्याच्या मालाचे वजन चोख करणे आणि त्याची हिशोबपट्टी वेळेवर चुकती करणे, हे अस्तेय होय. हमालाच्या पाठीवर शक्तीबाहेरचे ओझे न लादणे ही अहिंसा होय. भाव कोसळला असता विक्रेत्याच्या अगतिकतेचा लाभ न उठविणे आणि आपल्या संचयाची मर्यादा आधीच ठरविणे, हे इच्छापरिमाण होय.

स्पर्धेच्या काळात असा व्यापार टिकेल काय, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. प्रसंगी तोटा होईल, हे मान्यच केले पाहिजे. परंतु तोटा सोसण्याची वेळ कधी आलीच नाही, तर व्रत कोणते आणि सोय कोणती, हे कळणार कसे?

सामायिक ४८ मिनिटांचे असते. दिवसाचे २३ तास १२ मिनिटे त्याबाहेर उरतात. सामायिकात साधलेली समता गल्ल्यावर, घरात आणि नोकरचाकरांशी बोलताना किती टिकली, याचा शोध प्रतिक्रमणात घ्यावयाचा असतो.

नाशिकजवळील अंजनेरी येथील शके १०६३ च्या शिलालेखात चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरास यादव राजाने दुकाने, तसेच व्यापाऱ्याने दुकान व घर दिल्याची नोंद आहे. मंदिराची पूजा-अर्चा दुकानाच्या उत्पन्नावर चालावी, अशी ती योजना होती. दुकानातील व्यवहार शुद्ध असेल तरच अशा पूजेला अर्थ राहतो. कोणत्याही धर्मादाय संस्थेची ५० वर्षे दात्यांच्या धनावर उभी असतात. अन्यायाची मिळकत दानाने शुद्ध होत नाही. न्यायाने मिळविलेला एक रुपया मात्र देणाऱ्यालाही उन्नत करतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येकाने एक अतिचार निवडून तो वर्षभर टाळण्याचा नियम घ्यावा. योगाभ्यासाचा तो खरा आरंभ ठरेल.

जय जिनेंद्र!