सरकी मोजणारी लेक

आमच्या घरी वातींसाठी शेतातला थोडा कापूस दरवर्षी बाजूला काढलेला असतो. परवा आजी सरकी काढत ओसरीवर बसली होती, शेजारी माझी सात वर्षांची लेक. वहीतली बेरीज पाहून कंटाळणारी ही पोर आपणहून हिशेब करत होती. बोंडाच्या एका कप्प्यात सात सरक्या, मग चार कप्प्यांत किती? बोटं पुरेनात, तशी तिने सरक्याच ओळीत मांडल्या. आजी म्हणाली, "हळू काढ वो माय, तंतू तुटते."

हे पाहून मला वर्ध्याजवळचं सेवाग्राम आठवलं. ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला: सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि हातच्या उद्योगाभोवती गुंफलेलं. हीच नई तालीम. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या दाम्पत्याने ती रुजवली. टकळीवरच्या सुताचे तार मोजता मोजता मुलं अंकगणित शिकत. कापूस काळ्या मातीत चांगला का पिकतो, इथून भूगोल सुरू होई.

आई-बाप म्हणून आपण मुलांना कामातून लवकर उठवतो, "जा, अभ्यास कर" म्हणून. मीही तेच करत होतो. त्या संध्याकाळी नाही उठवलं. अंधार पडेपर्यंत तिच्या अकरा वाती झाल्या, जाड-बारीक, एक तर पार उलगडलेली. आजीने तीच आधी तेलात भिजवली. उरलेल्या सरक्यांतल्या तीन लेकीने डब्यातल्या मातीत पुरल्यात, आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी ती तिथे डोकावते.