नदीच्या तळाशी जमिनीचा हिशेब
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

नदी स्वच्छ आहे की नाही, हे आपण पाण्याकडे पाहून ठरवतो. पाणी नितळ दिसले, वास आला नाही, की आपले समाधान होते. पण आज बाटलीत भरलेले पाणी उद्या समुद्राला मिळालेले असते. नदीचे खरे दप्तर असते तिच्या तळाशी, गाळात. आणि या दप्तरातल्या बहुतेक नोंदी काठावरच्या आणि डोंगरावरच्या जमिनीच्या असतात.

हे घडते कसे? चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. चमचाभर मातीतल्या कणांचे पृष्ठभाग एकत्र पसरले, तर घरापुढचे अंगण झाकले जाईल. या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने शिसे, तांबे, जस्त अशा धातूंचे धनभारित आयन त्यांना चिकटतात. कीटकनाशके आणि तेलकट रसायने मातीतल्या सेंद्रिय अंशाला धरून राहतात. पाऊस ही माती ओढून नेतो आणि प्रवाह मंदावला की ती खाली बसते. खाडीत खारे पाणी मिसळले, की कणांचे पुंजके होतात आणि ते लवकर तळ गाठतात.

त्यामुळे जमिनीचा वापर बदलला की गाळ बदलतो. शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर आपल्याकडे १९८९मध्ये बंदी आली आणि शिसेयुक्त पेट्रोल २०००मध्ये बंद झाले. पण अशी द्रव्ये गाळात वर्षानुवर्षे टिकून राहतात. खाडीच्या तळात नळी रोवून गाळाचा उभा नमुना काढला, तर शिशाच्या एका किरणोत्सारी प्रकारावरून गेल्या सुमारे शंभर वर्षांतल्या थरांची वये काढता येतात. कोणत्या काळात काय वाहून आले, ते त्यातून कळते.

आपल्या गोव्याचेच उदाहरण घेऊ. मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या खोऱ्यांत गेल्या शतकाच्या मध्यापासून लोहखनिजाच्या खाणी वाढत गेल्या. येथील खाणी उघड्या. एक टन खनिज काढायचे तर साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. त्याचे ढिगारे उतारांवर उभे राहिले. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही मुख्यतः चार महिन्यांत! लोह आणि मँगनीज असलेली ती तांबडी माती ओढ्या-नाल्यांतून नदीत आली. खनिजाची वाहतूकही बार्जमधून नदीतूनच होत असे. त्यामुळे चढवता-उतरवता सांडणाऱ्या भुकटीची भर पडली.

रसायनशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना घेऊन ओहोटीच्या वेळी गाळाचे नमुने गोळा करायला जात असे. डिचोली तालुक्यातला एक वृद्ध शेतकरी आम्हाला म्हणाला, "सर, पूर्वीच्या गाळात पाय रुतायचा. आता वाळला की नांगर अडतो." प्रयोगशाळेत जाण्याआधीच निम्मे उत्तर मिळाले होते.

लोह म्हणजे काही जहाल विष नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण लोह आणि मँगनीज यांची ऑक्साइडे इतर धातूंना धरून ठेवतात. गाळात प्राणवायू कमी झाला की ती विरघळतात आणि धरलेले धातू सुटतात. चिखलात राहून पाणी गाळून खाणाऱ्या तिसऱ्या आणि खुबे यांच्या शरीरात ते जाऊ शकतात, आणि तिथून आपल्या ताटात. खाजन शेतीचेही तसेच. बांधाच्या मानशीतून आत येणारे पाणी सोबत गाळही आणते.

२०१२मध्ये, आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, खाणी थांबल्या. पुढे काही काळ सुरू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. खाणी थांबल्या तरी ढिगारे डोंगरावर होतेच आणि पाऊस पडतच होता. आता लिलावाने दिलेल्या काही पट्ट्यांवर २०२४पासून पुन्हा उत्खनन होत आहे. खाणीवर अनेकांचे पोट आहे, हे मी नाकारत नाही. पण नदीवर आणि खाजनावरही पोट असणारी माणसे आहेत.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पाण्याबरोबर गाळाचीही नियमित तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवावेत. नदीचे पात्र खोल करण्यापूर्वी गाळात काय दडले आहे ते पाहावे, कारण उपसताना दडलेले पुन्हा पाण्यात मिसळते. आणि मुख्य म्हणजे माती जिथली तिथेच थांबवावी: ढिगाऱ्यांवर झाडोरा, पायथ्याशी बांध आणि गाळ बसवणारी तळी, काठावर राखलेले खारफुटीचे रान. पाण्यात आलेला मैला यंत्राने काढता येतो. तळाशी बसलेले धातू काढणे फार खर्चाचे आणि जोखमीचे असते. उतारावरची माती अडवणे त्यामानाने सोपे आहे. यंदाचा पाऊस येण्यापूर्वी ते झाले पाहिजे.