विधी स्वयंसेवकाचे शिक्षण



१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि दुर्बलांना मोफत विधी साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम प्रत्यक्ष अंमलात यायला मात्र १९९५ साल उजाडले. त्याच्या कलम १२ अन्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार व कोठडीतील व्यक्ती यांना या साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

परंतु हक्क आणि हक्कदार यांच्यामध्ये बुडालेल्या मजुरीचा दिवस उभा असतो. हे अंतर तोडण्यासाठी २००९ पासून विधी स्वयंसेवकांची योजना आहे. त्यांना कायद्याची पदवी लागत नाही. ते न्यायालयात बाजूही मांडीत नाहीत. मग त्यांनी शिकावयाचे काय? अर्ज लिहिणे, त्याची पोच घेणे, मुदत मोजणे, गुन्हा नोंदल्यावर प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मागून घेणे. आणि आपले काम कोठे संपते व वकिलाचे कोठे सुरू होते, हे ओळखणे. कलमांचे पाठांतर यापुढे दुय्यम होय.

हे शिक्षण वस्तीतल्याच शेतमजूर स्त्रीपर्यंत, कामगाराच्या मुलापर्यंत पोहोचले पाहिजे. एरवी कचेरीच्या दारातील जुन्या दलालाशेजारी आणखी एक दलाल तेवढा उभा राहील.