घानाच्या कोकोची शिल्लक गेली कुठे?



बरकतीच्या साली चार पैसे बाजूला टाकावेत, हे आपल्याला अर्थशास्त्र्यांनी शिकवायला नको. ज्वारी पिकली की पेव भरायचे, एवढे आपल्या पणजीलाही कळत होते. प्रश्न इतकाच, की पेव कोणाच्या अंगणात?

आफ्रिकेतला घाना कोकोवर उभा राहिला. चॉकलेट ज्याच्या बियांचे होते ते हे झाड; लावणारे बहुतेक लहान शेतकरी. १९४७ साली इंग्रज सरकारने तिथे कोको पणन मंडळ काढले. माल मंडळालाच घालायचा. तेजीत मंडळ भाव कमी देईल, फरक शिल्लक टाकील; मंदीत त्याच शिल्लकीतून शेतकऱ्याला सावरील. ऐकायला गोड!

१९५४ साली जगात कोको कडाडला. त्याच साली सरकारने शेतकऱ्याचा भाव ६० पौंडांच्या, म्हणजे सुमारे २७ किलोंच्या, बोजाला ७२ शिलिंग असा बांधून टाकला. कुमासीकडचे शेतकरी खवळून उठले. १९५७ साली साहेब गेला, मंडळ राहिले. एन्क्रूमांच्या सरकारने शिल्लक रस्ते, शाळा, कारखाने यांत घातली. सगळेच वाया गेले असे आम्ही म्हणत नाही. पण १९६५ साली बाजार कोसळला तेव्हा सावरायला शिल्लकच नव्हती. उलट शेतकऱ्याचाच भाव कापला.

आता शेतात काय झाले ते पाहा. कोकोचे झाड म्हातारे होते. नवे लावले तर फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात; तोवर घर चालवायला गाठीला पैसा हवा. तो तर मंडळाच्या तिजोरीत गेलेला. नवी लागवड थांबली, माल चोरवाटेने शेजारच्या आयव्हरी कोस्टला जाऊ लागला. १९६४-६५ साली साडेपाच लाख टन पिकलेला कोको १९८३-८४ साली एक लाख साठ हजार टनांच्या आत आला. दुष्काळ आणि वणवे होतेच, पण घसरण त्याआधीपासूनची.

कोणी बोट्स्वाना दाखवील. तोही कोरडवाहू, ज्वारी खाणारा देश; चलनाचे नावच पुला, म्हणजे पाऊस. हिऱ्यांच्या पैशातून त्यांनी १९९४ साली पुला निधी उभा केला, आणि अलीकडे हिऱ्याचा बाजार बसल्यावर तीच शिल्लक मोडायला काढली. ठीकच केले. पण हिरा कोणी पेरत नाही, निंदत नाही. ती भुईतली ठेव साऱ्या देशाची. कोकोची शिल्लक ही मात्र शेतकऱ्याची मजुरी होती.

आपल्याकडे १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी आली. भाव चढउतार निधी आला, चुकाऱ्यातून भांडवल निधीची कपात आली. ती योजना संपली. कपातीचा हिशेब मागत किती म्हातारे हेलपाटे घालत राहिले, ते तुम्ही जाणता.

पुन्हा कोणी असा निधी काढायचे म्हणाले, तर आपण आधी तीन गोष्टी विचारायच्या: पासबुक कोणाच्या नावाने, व्याज किती, आणि पैसे काढायला सही कोणाची?