हंड्याला हात लावायचा नाही

कुणी शेळ्यांमागं असाल, कुणी धान्य निवडत बसला असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं ठेवा.

आज आम्ही चौघी बोलणार आहोत. आवाज एकीचा आहे, पण लिहायला चौघी बसलो होतो. बसलो आणि भांडलोही. काय सांगायचं नि काय झाकायचं यावरून दोन संध्याकाळी गेल्या. विषय मिळालाय, लहान गावात वाढलेल्या बायकांना राजकारण कसं दिसतं, न्याय कसा दिसतो, मैत्री कशी दिसते. स्टेशनवरच्या ताईंनी आधीच बजावलं, आपल्या रेडिओवर कुठल्या पक्षाचा प्रचार चालत नाही. आम्ही म्हटलं, ताई, ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच. कपबशी असते, छत्री असते. आणि आमच्या गावात छत्रीखाली कुठली भावकी उभी आहे ते पाळण्यातलं पोरही सांगेल.

आम्ही एका वर्गातल्या. खरं तर पाचजणी. पाचवी खालच्या आळीतली. तिच्याबद्दल सांगणार आहोत, तिला विचारून.

आमचं गाव दुष्काळी. पाण्याचा टँकर वेशीत यायचा तेव्हा आम्ही शाळेतून थेट रांगेत. न्याय म्हणजे काय ते आम्ही तिथं शिकलो. रांगेत हंडा ठेवला की माणूस घरी गेलं तरी चालायचं, नंबर हंड्याचा. आया सांगायच्या, दुसरीच्या हंड्याला हात लावायचा नाही. पोटुशी बाई आली की तिला पुढं घ्यायचं, म्हातारीचा हंडा उचलून द्यायचा. कालच जिच्याशी बांधावरून भांडण झालं तिच्या हंड्यालाही कुणी हात लावत नव्हतं. कुणी कागदावर लिहिलं नव्हतं, तरी पाळलं जायचं. आम्हाला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

आता जे झाकायचं म्हणत होतो ते. खालच्या आळीची रांग वेगळी होती. आमच्या रांगेतले सगळे हंडे भरले की टँकरच्या तळाला जे उरेल ते त्यांचं. गाळ असायचा त्यात. आमची मैत्रीण त्या रांगेत उभी असायची. वर्गात आमच्या बाकावर बसणारी, आमची गणितं सोडवून देणारी, चिंचा वाटून खाणारी. आमच्या घरी आली की ओट्यावर थांबायची. तिचा कप कोनाड्यात वेगळा असायचा. आम्ही तिला कधी विचारलं नाही, तू त्या रांगेत का? तिनंही कधी सांगितलं नाही. गावात वाढलेल्या पोरीला काही गोष्टी दिसतात आणि दिसत नाहीत.

१९९३ साली कायदा झाला, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा. आम्ही तेव्हा दहावीला. तेव्हाच्या बाया सदस्य झाल्या खऱ्या, पण बऱ्याच ठिकाणी सही बाईची आणि खुर्ची नवऱ्याची, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०११ ला आपल्या राज्यात ते आरक्षण निम्म्यावर गेलं. २०१२ च्या निवडणुकीत आमच्यातली एक निवडून आली. तोवर पाचही जणी गावातच होतो. तिघींची सासरं इथलीच, दोघी बाहेर राहून परत आलेल्या.

निवडणुकीचे पंधरा दिवस कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. चौघींत दोघी या पॅनेलच्या घरात, दोघी त्या. विहिरीवर बोलणं बंद. पण एका प्रभागात दोन-तीन जागा असतात, जितक्या जागा तितकी मतं द्यायची. मग घरचे सांगतील तसं एक, आणि एक आपल्या मनाचं. मशीनसमोर उभं राहिल्यावर कोण बघतंय? असं कितीतरी बायकांनी केलं असेल, बोलत कुणी नाही. शहरातले पाहुणे म्हणतात, तुमच्याकडं राजकारण फार. असेल. पण त्याच उन्हाळ्यात चारा छावणीत दोन्ही पॅनेलची जनावरं एकाच दावणीला होती. निवडून आलेल्याच्या म्हशीला पडलेल्याची बायको वैरण टाकत होती. कारण उद्या घरात मयत झाली तर खांदा द्यायला हीच माणसं येणार.

आणि ह्यातच एक खोट आहे. उद्या हीच माणसं लागणार म्हणून आपण तोंड उघडत नाही. 'कशाला वाईटपणा घ्यायचा?' हे वाक्य आम्ही पाण्यापेक्षा जास्त वापरलंय.

२०१३ चा उन्हाळा. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, ती शाळेच्या व्हरांड्यात होती. आमची सदस्य मैत्रीण पुढं बसलेली. खालच्या आळीतली उठली आणि म्हणाली, "टँकर रोज वरूनच का सुरू होतो? आमच्याकडं पोचेपर्यंत चिखल होतो. लिहून घ्या."

व्हरांडा गप्प. आम्हाला राग आला, खोटं कशाला बोला. आपली मैत्रीण सदस्य असताना हिनं चारचौघींत पाणउतारा केला! संध्याकाळी चौघी तिच्या दारात गेलो. म्हटलं, घरी येऊन बोलली असतीस तर? ती शेणी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "घरी म्हणजे ओट्यावर ना? तिथं वीस वर्षं बसले की."

परत येताना आम्ही एकमेकींशी बोललो नाही.

पुढच्या सभेत सदस्य मैत्रिणीनं ठराव मांडला, एक दिवस टँकर वरून सुरू होईल, एक दिवस खालून. सोपं वाटतं ऐकायला. आमच्यातल्या एकीच्या सासूनं दोन दिवस घरात पाणी घेतलं नाही, त्यांच्यानंतर भरलेलं नको म्हणून. तिसऱ्या दिवशी घेतलं, तहान ती तहान. आमच्याच गल्लीतल्या एका बाईनं बचत गट सोडला, ती आजही आमच्याशी तुटक बोलते. आणि पुढच्या निवडणुकीत आमच्या सदस्याला आमच्या गल्लीनंच पाडलं.

आमच्यात अजून एकमत नाही. एक म्हणते, हळूहळू केलं असतं तर गल्ली तुटली नसती. बाकीच्या म्हणतात, हळूहळू म्हणजे किती वर्षं?

मागच्या निवडणुकीत खालच्या आळीतली आमची मैत्रीण स्वतः उभी राहिली, आमच्यातल्या दोघींच्या घरचं पॅनेल सोडून दुसऱ्या पॅनेलकडून. मोजक्या मतांनी पडली. कुणी तिला मत दिलं आणि कुणी नाही, ते इथं सांगणार नाही.

निकालाच्या रात्री गुलाल उडत होता तेव्हा चौघी तिच्याकडं गेलो. काय बोलावं सुचेना. तिनं चहा ठेवला. पाच कप मांडले, चार सारखे आणि एक कान तुटलेला, तो स्वतःकडं घेतला. म्हणाली, "कुणी दिलं नाही ते सांगू नका. सकाळी पापडाचं पीठ कोण भिजवणार आहे तेवढं सांगा, ऑर्डर शुक्रवारची आहे."

पीठ आमच्यातल्या एकीनं भिजवलं. लाटायला पाचही जणी होतो.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.