फुटक्या काचेचा दागिना
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाकोला येथे केलेले भाषण)



हळदीकुंकवाच्या दिवशी आपल्यातल्या एकीच्या सुनेच्या गळ्यात चांदीत बसविलेला निळसर काचेचा तुकडा पुष्कळजणींनी पाहिला. तो परदेशातून आणलेला, रोमन काळच्या भांड्याचा. फुटकी काच घरात ठेवू नये म्हणतात, आणि ही गळ्यात घालते, अशी कुजबुजही झाली! त्यावर मी बोलावे असे ठरले.

त्या काचेवर मोरपिसासारखे रंग खेळतात, ते कारागिराने दिलेले नव्हेत. वाळू आणि सोडाखार वितळवून ही काच करीत. शेकडो वर्षे ओल्या मातीत राहिली की तिच्यातला क्षार झिरपून जातो, वर अगदी पातळ पापुद्रे सुटतात आणि उजेडात ते साबणाच्या फुग्यासारखे चमकतात. खरे म्हणजे ती काचेची झीज.

रोमन काच आपल्या बाजूलाही येत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात कच्ची काच सांगितली आहे. त्याच भडोचला पैठणहून आणि तगरहून गाड्यांतून माल जाई. तगर म्हणजे धाराशिवजवळचे तेर. तेथे काचेचे मणी सापडले आहेत, आणि रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकेसुद्धा, दोऱ्यात ओवण्याजोगी! सोन्याची परवडत नाही तर मातीची, असाच हिशेब असावा. आपल्या आजीच्या पुतळ्या तरी कुठल्या? मूळच्या व्हेनिसच्या मोहरा.

आपल्या एका भगिनीचे माहेर त्याच भागातले. तिने विचारले, "ताई, शेतात असा मणी सापडला तर बोरमाळेत ओवू का?" मी स्पष्ट नको म्हटले. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो, आणि दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास कलेक्टरांना कळवावे, असे 1878 पासून आहे. पण कायदा राहू द्या. मणी कोणत्या थरात, कशाशेजारी होता, यावरून त्याचा काळ कळतो. उचलून माळेत घातला की तो नुसता मणी उरतो.

रामलिंगप्पा लामतुरे यांनी तेरच्या अशा वस्तू जमविल्या. त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय तेथे आहे. पुढल्या सहलीसाठी मी तेरच सुचविते. गोरोबाकाकांचे देऊळही तेथेच असल्याने सासूबाईही आनंदाने येतील.