परिस्थिती बदलली, तर अर्ज करा
(पाली, ता. जि. बीड येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्या भागातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. त्या गाड्यांत कधी कधी कॉलेजात नाव असलेला मुलगाही बसलेला असतो. घरात काहीतरी घडलेले असते आणि फी भरायला पैसे नसतात. ‘शिष्यवृत्ती का नाही मागितली?’ असे विचारले तर तो म्हणतो, ‘तारीख गेली.’ आज या ‘तारीख गेली’वरच बोलायचे आहे.

२०१३ च्या हिवाळ्यात असाच एक विद्यार्थी आमच्याकडे आला. त्याचे वडील कायम नोकरीत होते. उत्पन्न मर्यादेच्या वर, म्हणून शिष्यवृत्ती नव्हती. वडील अचानक वारले. घरात आई, दोन बहिणी आणि दुष्काळाचे साल. कॉलेजातील कारकुनाने सांगितले, दाखला गेल्या वर्षीच्या उत्पन्नाचा आहे, मुदतही संपली. मुलगा मामाबरोबर कोयता घेऊन जायला निघाला होता.

आम्ही अर्ज लिहून दिला. तो परत आला, आणि खरे सांगायचे तर चूक आमचीच होती. दोन पाने आम्ही दुःखच लिहिले होते. वडील कोणत्या तारखेला गेले, पूर्वी उत्पन्न किती होते, आता किती आहे, आम्हाला नेमके काय हवे, यातले काहीच त्यात नव्हते. मग नियम वाचले. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की, कमावत्या पालकाच्या मृत्यूमुळे उत्पन्न मर्यादेखाली आले तर त्या महिन्यापासून विद्यार्थी पात्र होतो आणि अशा विद्यार्थ्याचा अर्ज मुदत संपल्यावरही सहानुभूतीने विचारात घेता येतो. आई किंवा वडील हयात असताना भावाची कमाई धरू नये, हेही त्यातच होते. आपल्याकडे कितीजणांचे अर्ज थोरल्या भावाच्या पगारामुळे अडले असतील!

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. सोबत मृत्यूचा दाखला, तलाठ्याचा अहवाल, तहसीलचा नवा उत्पन्नाचा दाखला. अर्जाची पोच घेतली. रक्कम फार उशिरा आली, पण मुलगा परीक्षेला बसला.

काही पालकांना असे मागणे म्हणजे हात पसरणे वाटते. त्यांनी परमपूज्य बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन आठवावे. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले, १९१६ साली लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण येण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. तो कागद हाती नसता तर? सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले, आणि १९२० साली ते परत गेले. १९२३ साली डी.एस्सी. झाले. पुढे मजूरमंत्री असताना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीची तरतूद त्यांनी सरकारकडून मंजूर करून घेतली.

२०१३-१४ पासून उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख झाली. पुढे अर्ज महाडीबीटीवर गेले. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक समाजकल्याण कार्यालयातून मागून घ्या. संगणकाने अर्ज नाकारला तर प्राचार्यांना लेखी द्या आणि त्याची प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना द्या. तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका.

ज्यांच्या घरी यंदा मृत्यू, अपघात, मोठे आजारपण किंवा काम सुटणे असे काही घडले असेल, त्यांनी येत्या रविवारी सकाळी कागद घेऊन विहारात यावे. मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स आणाव्यात. लिहायला आम्ही बसू.

जयभीम, नमो बुद्धाय.